डाव्या दाराचा पोचा

पोर्ट केम्बलाला आम्ही राहायचो ते दोन खोल्यांचं युनिट एका बंद पडलेल्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं. बेकरी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण उन्हाळ्यात भिंती तापल्या की अजून पावाचा वास यायचा आणि पोटात भूक नसतानाही भूक लागायची. मागच्या खिडकीतून स्टीलवर्क्सच्या चिमण्या दिसायच्या. मम्मी कपडे वाळत घालण्याआधी बोटाने दोरी पुसून बघायची, काळी झालेली असायचीच. पप्पा वसईला गॅरेजमध्ये मिसरूड फुटायच्या आधीपासून गाड्या रंगवत होते. ऑस्ट्रेलियात गाड्या रंगवणारी माणसं मिळत नाहीत म्हणून इथल्या एका बॉडी शॉपने त्यांना व्हिसा देऊन आणलं, आणि मागोमाग आम्ही दोघी आलो. व्हिसा टेम्पररी. सिडनीला कॅसल हिलकडे कुणाच्या घरी मराठी मंडळी जमली की सगळे आयटीतले, आणि कुणीतरी पप्पांना विचारायचंच, “मग तुम्ही कुठल्या कंपनीत?” पप्पा सरळ सांगायचे, “गॅरेजमध्ये. रंगारी आहे मी.” मम्मी टेबलाखालून त्यांना पाय मारायची. मला मात्र त्यांचं ते सांगणं आवडायचं. मी आजही कुणी विचारलं तर तसंच सांगते.

आमच्याकडे कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. पप्पा नववीपर्यंत, मम्मी दहावी. मला बारावीनंतर वॉलॉंगॉंगच्या युनिची, म्हणजे युनिव्हर्सिटीची, ऑफर आली तेव्हा मम्मीने ती छापून फ्रिजवर लावली, पण टेम्पररी व्हिसावाल्यांच्या मुलांना फी परदेशी विद्यार्थ्यांची. ती आमच्या आवाक्यात नव्हती. पप्पांचं पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, आला की मगच युनि, असं ठरलं आणि मी सुपरमार्केटमध्ये शेल्फं भरायला लागले. त्या मार्चमध्ये लॉकडाउन आलं. माझी मुलगी मला विचारते, तेव्हा तुला कसली भीती वाटायची? तिला वाटतं आजाराची. खरं सांगायचं तर रस्त्यावर गाड्या नव्हत्या, याची. गाड्या नाहीत म्हणजे ठोकाठोकी नाही, आणि दुसऱ्याची गाडी ठोकल्याशिवाय आमची चूल पेटत नसे. बॉडी शॉपने पप्पांना घरी पाठवलं. सरकारची मदत टेम्पररीवाल्यांना नव्हती. नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी हमी देणारा मालक, शोधायला मुदत थोडीच, नाहीतर परत वसई. आणि वसईला जायला विमान नाही. एकाच वेळी ‘जा’ही म्हणतायत आणि दारही बंद आहे, असा तो प्रकार.

तरी आम्ही हसायचो. माझ्या दुकानात टॉयलेट पेपरसाठी चांगली शिकलीसवरली माणसं एकमेकांच्या ट्रॉल्या ओढत होती. मी घरी येऊन नक्कल करून दाखवायचे आणि मम्मी बाथरूममधलं टमरेल उचलून म्हणायची, “जा बाय, त्यांना सांग, आमच्याकडे स्टॉक भरपूर आहे.”

ईस्टरच्या आधीचा, चर्चमध्ये झावळ्या घेऊन जायचा, झावळ्यांचा रविवार आला. चर्च बंद. वसईच्या चर्चमधली मराठी मिस्सा, रविवारची उपासना, मोबाइलवर लावून आम्ही स्वयंपाकघरात गुडघे टेकले, पण हातात झावळी नाही म्हणून मम्मीचं मन लागेना. “झावळी नाही तर घरात तिचा विणलेला क्रूस कुठला लावायचा वर्षभर?” तेवढं काय ते तिचं दुःख. व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती. चालता चालता नगरपालिकेच्या एका बुटक्या पामवर तिची नजर गेली, आणि मी “मम्मी, नको” म्हणेपर्यंत तिने पर्समधल्या कात्रीने एक लांब झावळी कापली. ती खांद्यावर टाकून ती पुढे, मान खाली घालून पप्पा मागे आणि त्यांच्या मागे मी, असे आम्ही टेकडीवरच्या गल्लीत शिरलो.

तिथे एका घरासमोर ड्राइववेवर एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. पांढरी वेणी, दंडावर फिकट गोंदण. शेजारी जुनी पांढरी पॅनेल व्हॅन आणि व्हॅनच्या टपावर पामच्या झावळ्या बांधलेल्या. आम्हाला पाहून तो धडपडत उठला. “आलात! मला वाटलं यंदा कुणीच येणार नाही!”

मम्मीला वाटलं, बिचारा आपल्यासारखाच चर्च चुकलेला भाविक. तिने झावळी वर करून “हॅपी पाम संडे!” म्हटलं. त्याला वाटलं आम्ही मिरवणुकीला आलोय. या देशात झावळ्यांच्या रविवारी ठिकठिकाणी शांतीच्या मिरवणुका निघतात, युद्ध नको म्हणणारी माणसं झावळ्या घेऊन चालतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या वर्षी सगळ्याच रद्द झाल्या होत्या. म्हणून हा गडी मिरवणुकीतली गाडीच घरासमोर लावून बसला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याने चालता चालता निदान हात तरी करावा म्हणून. पाचेक मिनिटं मम्मी येशूबद्दल बोलत होती आणि तो अणुबॉम्बबद्दल, आणि दोघंही मान डोलावत होती.

पप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते व्हॅनकडे बघत होते. तो पांढरा साधा पांढरा नव्हता. ऊन तिरपं आलं की आत शिंपल्यासारखं काहीतरी हलायचं. पप्पा चालत चालत थेट गाडीला नाक लावायला गेले.

“दीड मीटर, मेट!” म्हातारा ओरडला.

पप्पा मागे सरले, पण बोट तिथेच. “पर्ल. थ्री स्टेज. यू डू?” मोत्याची झाक असलेला तो रंग तीन थरांत मारावा लागतो.

“मी. तू रंगवतोस?”

“ट्वेंटी-फाइव्ह इयर.” मग पप्पांनी डाव्या दाराकडे बोट दाखवलं. खिडकीच्या खाली नारळाएवढा खोलगट पोचा होता, आणि त्याच्यावरही तोच सुंदर पर्ल मारलेला. “बट हिअर डेंट.”

“हो,” तो म्हणाला, “तिथे डेंट आहे,” आणि हसला.

तो डेल. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं एकट्याचं कस्टम पेंटचं, म्हणजे गिऱ्हाईक सांगेल ते चित्र गाडीवर काढून द्यायचं, दुकान होतं. घरी अडकलेल्या लोकांना अचानक आपापल्या जुन्या गाड्या आठवल्या होत्या, त्याच्याकडे काम मावत नव्हतं आणि गुडघा साथ देत नव्हता. आठवड्याभरात पप्पा तिथे चाचणीवर लागले, आणि काम पटलं तर स्पॉन्सर करीन असं डेल म्हणाला. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे महिने काढले.

ते शेड माझ्या नाकात अजून आहे. थिनरचा गोडसर वास, ओल्या पॉलिश पेपरचा चिखलासारखा वास आणि अकरा वाजता मम्मीने पाठवलेल्या डब्यातला सुक्या जवळ्याचा. पहिल्या दिवशी डब्याचं झाकण उघडल्यावर डेलने मास्क नाकावर ओढून घेतला; महिन्याभरात तोच विचारू लागला, “आज ती छोटी वासाची मासळी नाही?” शेडचं मोठं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक अर्धी वीट लावलेली असायची, तिच्या एका कोपऱ्याला पांढरा रंग लागलेला. सकाळच्या शिफ्टनंतर मी तिथे जायचे, काचांना मास्किंग टेप लावायचे आणि ऐकत बसायचे. डेल इंग्रजीतच बोलायचा, अमेरिकन हेल आणि मधेच ऑस्ट्रेलियन शब्द. मी इथे माझ्या मराठीत सांगते आहे.

तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, चेरोकी जमातीचा. एकदा एक गिऱ्हाईक आलं. त्याला त्याच्या यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, मागच्या दारावर लांडगा हवा होता आणि शेजारी पिसांचा मुकुट घातलेला इंडियन सरदार. “तूच काढ ना, तुझेच लोक,” तो म्हणाला.

डेल म्हणाला, “माझ्या खापरपणजोबांच्या काळात आमचे लोक डोक्याला रंगीत कापड गुंडाळायचे. पागोटं. ते काढून देऊ?”

गिऱ्हाइकाला ती थट्टा वाटली. पप्पांना मात्र भलताच आनंद झाला. “फेटा?” ते मला मराठीत म्हणाले, “अगं, हे लोक फेटा बांधायचे?” आणि मास्किंगचा लांब कागद डोक्याला गुंडाळून त्यांनी तिथल्या तिथे बांधून दाखवला. डेलने तो आपल्या डोक्यावर ठेवून बघितला. लांडगा झाला, सरदार झाला नाही.

रविवारी काम असलं की पप्पा मोबाइलवर मराठी मिस्सा लावायचे. गायन सुरू झालं की डेल स्प्रे गन खाली ठेवायचा. त्याची आजीही ख्रिस्ती होती आणि चेरोकीत देवाची गाणी म्हणायची, पण फक्त भांडी घासताना, पाण्याच्या आवाजात. लहानपणी तिला सरकारी वसतिगृहाच्या शाळेत घातलं होतं. तिथे वेणी कापली, नाव बदललं आणि आपल्या भाषेत बोलली की तोंडात साबण. “तिने आम्हाला भाषा शिकवली नाही,” डेल म्हणाला. “शिकवली असती तर आमच्याही तोंडात साबण गेला असता, असं तिला वाटायचं.” पण गोष्टी सांगितल्या. तिच्या लोकांची काही गावं लाल असायची आणि काही पांढरी. लाल गावात लढाईची बोलणी व्हायची. पांढऱ्या गावात रक्त सांडायचं नाही. कुणीही जीव वाचवायला तिथे पोचला की त्याला हात लावायचा नाही, मग तो शत्रू का असेना. दुसऱ्यांच्या गाड्यांवर ज्वाळा आणि कवट्या काढणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी पांढरी का, ते मला तेव्हा कळलं.

हिवाळ्यात थांबलेली ऑपरेशनं पुन्हा सुरू झाली आणि डेलच्या गुडघ्याचा नंबर लागला. स्पॉन्सरचे कागद अकाउंटंटकडून तयार होऊन आले होते. “आलो की सही करतो,” तो म्हणाला, आणि चाव्या पप्पांच्या हातात देऊन गेला. हॉस्पिटलात भेटायला कुणाला सोडत नव्हते. उपकार कसे फेडायचे, या विचाराने पप्पांना चैन पडेना.

आता पप्पांचं काम काय होतं ते समजून घ्या. ठोकलेली गाडी अशी करायची की ती कधी ठोकलीच नव्हती. डाग दिसता कामा नये, जोड दिसता कामा नये. मालकाने स्वतः हात फिरवला तरी जागा सापडता कामा नये. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं, आणि झावळ्यांच्या रविवारपासून तो पोचा त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. एवढा मोठा कारागीर आणि स्वतःच्या गाडीकडे बघायला वेळ नाही! त्यांनी पत्रा आतून ठोकून उचलला, पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला, पुन्हा घासलं. जुन्या पर्लशी नवा पर्ल जुळवणं म्हणजे रंगाऱ्याची परीक्षाच. पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारून ते उन्हात नेऊन नेऊन बघायचे. झालं तेव्हा आम्हाला दोघींना बोलावून म्हणाले, “शोधा.” आम्ही हात फिरवला. काही नाही. मम्मीने अभिमानाने स्वतःच्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

डेल काठी टेकत आला त्या दिवशी मम्मीने डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट इंद्याल आणि त्याबरोबर खायला मैद्याचे तळलेले फुगे केले होते. टेबलावर कापड घातलं होतं. तो हसत आत शिरला, व्हॅनपाशी गेला आणि नेहमीच्या सवयीने डावा दरवाजा उघडण्याआधी त्याने तळवा तिथे टेकवला. मग तळवा सरकवला. थोडा वर, थोडा खाली, आंधळा माणूस भिंतीवर बटण शोधतो तसा.

“कुठे गेला, बॅस?” पप्पांना तो बॅस म्हणायचा.

“नो डेंट!” पप्पा म्हणाले. “गिफ्ट!”

डेल रंगाच्या डब्यावर बसला. “फार चांगलं काम आहे,” तो म्हणाला. “मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं.” आणि घरी गेला. इंद्यालला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. कागद टेबलावर तसेच, सहीची जागा कोरी. पप्पा शेड झाडायचे, झाडलेलं परत झाडायचे. “काय चुकलं ते तरी सांगावं माणसाने,” ते म्हणायचे. मम्मी म्हणाली, “तो सांगणार नाही. तुम्ही विचारायला हवं. चला.” आणि इंद्यालचा डबा घेऊन ती निघालीच. तिचं इंग्रजी पप्पांपेक्षाही कच्चं, म्हणून मला बरोबर घेतलं.

डेलने हिरवळीवर खुर्च्या मांडल्या, लांब लांब. मम्मीने डबा मधोमध गवतावर ठेवला आणि मागे सरली. “सिल्वी, त्याला म्हणावं, ह्यांचं चुकलं असेल तर ह्यांना शिव्या घाल. पण जेव.”

मी सांगितलं. तो हसला, आणि मग बोलू लागला. तरुणपणी त्याला व्हिएतनामला पाठवलं होतं. बंदूक क्वचितच हातात आली. त्याचं काम रंगवण्याचं. हेलिकॉप्टर परत यायची ती भोकं पडून. भोकावर पत्रा, पत्र्यावर हिरवा रंग. “सकाळी नवी पोरं त्यात बसायची. आदल्या दिवशी तिथे कोण बसलं होतं आणि त्याचं काय झालं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी होतो. मी फार चांगलं काम करायचो, बॅस. तुझ्यासारखंच.” सुट्टीत तो सिडनीला आला, शर्लीला भेटला, युद्ध संपल्यावर परत येऊन तिच्याशी लग्न केलं आणि स्टीलवर्क्समध्ये लागला. व्हॅन रंगवली ती मिरवणुकीसाठी. एका वर्षी झावळ्यांच्या रविवारी गर्दीतून कुणीतरी वीट फेकली. शर्ली डावीकडे बसली होती. वीट तिला लागली नाही, दाराला लागली. “ती खाली उतरली, वीट उचलली आणि म्हणाली, बरं झालं, शेडच्या दाराला अडसर हवाच होता.”

मी पप्पांना मराठीत सांगत होते. वीट म्हटल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला.

“शर्ली आता नाही,” डेल म्हणाला. “पण दुःख तेवढ्याचंच नाही. त्या दिवशी मी दारावर हात फिरवत होतो आणि मला आजी आठवली. त्या शाळेत तिच्यावरही कुणीतरी असंच काम केलं होतं. इतकं गुळगुळीत घासलं की आता मी हात फिरवतो आणि मला जागाच सापडत नाही.”

पप्पा उठले. मला वाटलं माफी मागणार. ते म्हणाले, “सिल्वी, त्याला सांग, हातोडी आण. मी परत पाडून देतो. तसाच्या तसा. तीच वीट घेतो.”

मी ते भाषांतर केलं आणि डेल इतका हसला की ऑपरेशनचा गुडघा धरून बसला. “नको, बॅस! खोटा पोचा नको!”

“मग काय करू?” पप्पांचे डोळे भरले होते. “मला माहीत आहे तो कसा होता. हाताला माहीत आहे.” त्यांनी हवेतच तळव्याने दाखवायला सुरुवात केली. इथे कड तीक्ष्ण, इथे खोल, इथून खाली उतरत गेलेला, शेपटीला एक लहान चीर. डेल हसायचा थांबला. तो त्या हाताकडे बघत होता. ज्याने तो पुसला, त्याच्याच हातात तेवढा तो शिल्लक होता.

पुढच्या आठवड्यात डेलने पप्पांना त्यांचं पहिलं कस्टम काम शिकवलं. कस्टमवाले त्याला घोस्ट म्हणतात. पर्लच्या थरात दुसऱ्या छटेचा पर्ल इतका विरळ मारायचा की समोरून काही दिसत नाही. ऊन बाजूने आलं आणि तुम्ही चालत चालत जवळून गेलात, की क्षणभर आकार उमटतो आणि जातो. पप्पांनी डोळे मिटून दारावर हात फिरवला आणि पेन्सिलीने पोच्याची कड काढली. डेलने फक्त एक रेघ बदलली. वर क्लिअर कोट चढला, बफिंग झालं आणि गाडी ढकलत बाहेर उन्हात आणली. डेल काठी टेकत तिच्या बाजूने चालत गेला, वळला, परत चालत आला. “ओसियो, शर्ली,” म्हणाला. चेरोकीत नमस्कार. मग टेबलापाशी जाऊन कागदावर सही केली, पेन पप्पांच्या खिशाला लावलं आणि विचारलं, “त्या डब्यातलं काही उरलंय का?”

त्याच महिन्यात मी त्याला ऑनलाइन चेरोकीच्या वर्गात घातलं. ओक्लाहोमात संध्याकाळ असायची तेव्हा आमच्याकडे सकाळच्या चहाची वेळ, म्हणून शेडमध्ये आम्ही सगळेच शिकलो. मम्मीला आकडे डेलच्या आधी पाठ झाले आणि ती त्याला त्यावरून टोमणे मारायची. आजीचं शाळेत बदलण्याआधीचं मूळ नाव कुणाला आठवतंय का, म्हणून त्याने चुलत बहिणींना व्हिडिओ कॉल करून करून भंडावलं. एकीच्या आईने ते जपलं होतं. व्हॅनच्या मागच्या दारावर त्याने ते स्वतः काढलं, चेरोकी लिपीत, आणि तेवढं मात्र घोस्टमध्ये नाही. लाल रंगात, रस्त्याच्या पलीकडून दिसेल असं. “लाल तर युद्धाचा ना?” मी विचारलं. “तिने लढाई केली होती,” तो म्हणाला. “भांडी घासताना.”

पुढच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघाली, समुद्राच्या कडेने. पप्पा जन्मात कधी कुठल्या मोर्च्याला गेले नव्हते; व्हिसावाल्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये, असं कॅसल हिलच्या मंडळींनी फोन करून बजावलंही होतं. डेलचा गुडघा क्लच दाबू देईना, तेव्हा पप्पा म्हणाले, “मी चालवतो.” डेल शर्लीच्या जागेवर बसला. मम्मी बाजूने झावळी घेऊन चालली, या खेपेला विकत घेतलेली. ऊन समुद्राकडून तिरपं येत होतं, आणि दाराजवळून चालणारी माणसं एकदम थांबून वाकून बघत होती. “इथे काय आहे? आत्ता काहीतरी दिसलं.” पप्पा खिडकीतून डोकं काढून प्रत्येकाला सांगत होते, “डेंट! माय वर्क!”

डेल जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेड पप्पांच्या नावावर झालं, वीट अजून दारालाच आहे. मी दर झावळ्यांच्या रविवारी व्हॅन बाहेर काढते. माझे केस पिकले, पण क्लच दाबता येतो.

पप्पांचं पीआर दुसऱ्या लॉकडाउनमध्ये आलं. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत मी युनिला गेले, रसायनशास्त्र घेतलं, आणि पदवी घेऊन बाहेर पडले. आमच्या घराण्यातली पहिली.